लॅटेक्स गादी घेताना जाडीचा नव्हे, लॅटेक्सच्या दर इंचाचा हिशेब करावा

नमस्कार. आपल्यासमोर दोन पर्याय आहेत. नाशिकच्या कॉलेज रोडवरील दुकानातली ८ इंची 'नॅचरल लॅटेक्स ऑर्थो' गादी ३४ हजारांना मिळते आहे, तर ऑनलाइन ६ इंची, पूर्ण लॅटेक्सची गादी ४८ हजारांना. माप दोन्हींचे ७२ बाय ६० इंच आहे. गादी आई-वडिलांसाठी हवी आहे, वडिलांची कंबर दुखते आणि पलंग खाली सामान ठेवण्याचा बॉक्स बेड आहे. जाड गादी स्वस्त आणि पातळ गादी महाग कशी, हा आपला मूळ प्रश्न. माझ्या मते त्या ८ इंचांपैकी लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, किती इंच आहे, हे कळल्याशिवाय या दोन किमतींची तुलनाच होऊ शकत नाही.

बाजारात लॅटेक्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाद्यांमध्ये वरचा १ किंवा २ इंचांचा थर तेवढा लॅटेक्सचा असतो. त्याखाली साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, फोमचे तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम किंवा रबराइज्ड कॉयर, म्हणजे रबराने बांधलेला काथ्या, असतो. अशी गादी वाईटच असते असे नाही. काथ्याच्या कडक थरावर २ इंच लॅटेक्स ही रचना ज्यांना कठीण अंथरुणाची सवय आहे त्यांना चांगली मानवते. आक्षेप एवढाच की ती पूर्ण लॅटेक्सच्या भावाने घेऊ नये. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे की हीच गादी, याच कव्हरसह, वरच्या लॅटेक्सशिवाय केवढ्याला पडेल. समजा, त्याने १४ हजार सांगितले आणि लॅटेक्सचा थर २ इंचांचा निघाला, तर आपण २ इंचांसाठी २० हजार, म्हणजे इंचाला १० हजार मोजत आहात. ऑनलाइन गादीत हाच दर इंचाला ८ हजार पडतो. त्या स्थितीत ३४ हजारांची गादी स्वस्त नसून महाग ठरते.

आत काय आहे हे ओळखण्यासाठी वजन उपयोगी पडते. नैसर्गिक लॅटेक्सच्या गादीची घनता साधारणपणे घनमीटरला ७५ ते ८५ किलो असते. ७२ बाय ६० मापात लॅटेक्सचा १ इंचाचा थर सुमारे साडेपाच ते सहा किलोचा होतो, म्हणून ६ इंची पूर्ण लॅटेक्स गादी कव्हर सोडून ३२ ते ३६ किलोंच्या आसपास भरायला हवी. याच मापाचा ३२ घनतेचा पीयू फोम १४ किलोंच्याही आत राहतो. विक्रेता ६ इंच लॅटेक्स सांगत असेल आणि एक माणूस गादी सहज उचलून जिन्याने वर नेत असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे समजावे. मात्र केवळ वजनावर विसंबू नये. रिबॉन्डेड फोमही जड असतो, आणि लॅटेक्समध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवता येते. अशी भेसळ असलेला थर कालांतराने लवचीकपणा गमावून भुगा होऊ लागतो.

त्यामुळे कव्हरला चेन असलेलीच गादी घ्यावी आणि चेन दुकानातच उघडायला लावावी. चेन नसून कव्हर चारही बाजूंनी शिवलेले असेल, तर आतला माल दाखवायची विक्रेत्याची तयारी नाही असे मी समजतो. लॅटेक्सचा थर सायीसारख्या रंगाचा आणि साच्यातील खिळ्यांमुळे पडलेल्या एकसारख्या गोल छिद्रांचा असतो. तळहाताने जोराने दाबून सोडले की तो तत्काळ वर येतो. मेमरी फोम सावकाश वर येतो आणि हाताचा ठसा काही क्षण राहतो. कडेने पाहिले तर थर किती आणि कुठे चिकटवले आहेत तेही दिसते. सोबत मोजपट्टी न्यावी आणि लॅटेक्सच्या थराची जाडी स्वतः मोजावी.

नैसर्गिक रबर की कृत्रिम, हे मात्र डोळ्यांनी ओळखणे अवघड आहे. '१०० टक्के लॅटेक्स' आणि '१०० टक्के नैसर्गिक लॅटेक्स' या दोन वाक्यांत पैशांचा मोठा फरक आहे, कारण खनिज तेलापासून बनणारे एसबीआर हे कृत्रिम रबरही लॅटेक्सच म्हणवले जाते. येथे प्रमाणपत्र कामाला येते. 'गोल्स' या सेंद्रिय लॅटेक्सच्या प्रमाणपत्रासाठी किमान ९५ टक्के सेंद्रिय प्रमाणित कच्चा माल लागतो. 'ओइको-टेक्स' हे घातक रसायनांची तपासणी झाल्याचे सांगते, रबर नैसर्गिक असल्याचे नव्हे, आणि अनेक विक्रेते या दोहोंची सरमिसळ करतात. प्रमाणपत्रावर नाव कोणाचे आहे, मुदत संपली आहे का आणि ते देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक सापडतो का, एवढे पाहावे. डनलॉप की टॅलॅले, या लॅटेक्स बनवण्याच्या दोन पद्धतींच्या वादात आपण पडू नये. आपल्याकडे तयार होणाऱ्या गाद्या बहुतांशी डनलॉप पद्धतीच्या असतात आणि ती पद्धत टिकाऊ आहे.

आता वडिलांच्या कंबरेविषयी. 'ऑर्थो' या शब्दाला गादीच्या बाजारात ठरलेला असा अर्थ नाही. त्याचा वापर बहुधा कडक गादीसाठी होतो, आणि पाठ दुखते म्हणून कडक गादी घ्यावी हा समज घराघरांत आहे. २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना दीर्घकाळची कंबरदुखी होती, आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे तीत आढळले. तेव्हा वडिलांना सोबत न्यावे, ते घरी ज्या कुशीवर झोपतात त्याच कुशीवर त्यांना किमान १५ मिनिटे आडवे होऊ द्यावे आणि खांदा पुरेसा आत जातो का, कंबर अधांतरी राहते का, हे शेजारी उभे राहून पाहावे. घरात कोणाला रबराची ॲलर्जी असेल, तर लॅटेक्सचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

नाशिकच्या हवेचा विचार करता लॅटेक्सची निवड मला योग्य वाटते. मेमरी फोम आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घट्ट होतो, लॅटेक्सवर तेवढा परिणाम होत नाही. पावसाळ्यात मात्र बॉक्स बेड त्रासदायक ठरतो, कारण अखंड प्लायवर गादीच्या तळाला हवा लागत नाही, ओल धरते आणि बुरशीचे डाग पडतात. सुताराकडून प्लायला ठिकठिकाणी एक इंचाची भोके पाडून घ्यावीत. पलंगाची फळी हायड्रॉलिक असेल, तर ३५ किलोंच्या गादीसह ती उचलली जाते का, हेही आधी पाहावे.

आईंना एक गोष्ट आवर्जून सांगावी. कापसाच्या गाद्या उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात टाकण्याची आपली पद्धत लॅटेक्सला घातक आहे. थेट उन्हाने रबर कोरडे पडते, पिवळे होते आणि त्याचा चुरा होऊ लागतो. कव्हर काढून धुवावे, पण गादी सावलीतच, पंख्याखाली उभी करून वाळवावी. सुरुवातीला येणारा रबराचा वास खोलीची खिडकी उघडी ठेवल्यास काही आठवड्यांत जातो.

वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा किती इंच खड्डा पडल्यास ती लागू होते, हे वाचावे. दीड इंच खोल खड्ड्यात कंबर ठेवून वर्षानुवर्षे झोपणे आणि कागदोपत्री गादी निर्दोष असणे, दोन्ही एकाच वेळी शक्य असते. डाग पडल्यास वॉरंटी रद्द होते का आणि गादी परत नेण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारावे. ऑनलाइन गादीला चाचणीची मुदत असेल तर ती पुरेपूर वापरावी, कारण शरीराला नवी गादी सवयीची व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

आपल्या जागी मी आधी कॉलेज रोडच्या दुकानदाराला पक्क्या बिलावर तीन गोष्टी लिहून मागितल्या असत्या: लॅटेक्सच्या थराची इंचांत जाडी, त्याची घनता आणि रबर नैसर्गिक की मिश्र. त्याने हे लिहून दिले आणि दर इंचाचा हिशेब जुळला, तर जवळच्या दुकानातून घेण्याचा फायदा मोठा आहे, कारण तक्रार घेऊन समोरासमोर जाता येते. लिहून देण्यास तो तयार नसेल, तर ४८ हजारांची गादी मागवावी, मात्र त्याआधी तिचे वजन त्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावे आणि गादी घरी आल्यावर ते प्रत्यक्ष करून पाहावे.