माझ्या पॅनवर भलत्याच कंपनीचा पगार दिसतोय, दुसरं कोणी माझ्या नावावर नोकरी करतंय का?

हो, असं होऊ शकतं, पण पगारातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, भरताना कंपनीकडून पॅनचा एखादा आकडा चुकला तरी असंच दिसतं, म्हणून आधी घाबरू नका. आयकर पोर्टलवरच्या ॲन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंटमध्ये (तुमच्या पॅनवरच्या व्यवहारांची यादी) त्या एंट्रीवर ही माहिती माझी नाही असा फीडबॅक टाका आणि कंपनीच्या एचआरला लेखी मेल करा, नुसता फोन नको. पीएफ पासबुकही बघा, तिथेपण अनोळखी कंपनी असेल तर मग मात्र कुणीतरी तुमचे कागद वापरले असण्याची शक्यता वाढते.

मग आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा, मायआधार पोर्टलवर मागच्या ६ महिन्यांत आधार कुठे वापरलं ते दिसतं ते काढा, अडलात तर १९४७ ला फोन, आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. आयटी कायद्याच्या ६६सी कलमात ओळखचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

चाकण भोसरीला ठेकेदार माणसं भरतात तेव्हा कागद कोण नीट बघतो हो, आमच्या शेजारच्या मुलाचं आधार असंच झेरॉक्समधून बाहेर गेलं आणि तो वर्षभर नुसता हेलपाटे घालत होता, फार वाईट वाटायचं बघून. तुमच्या कागदांवर कामाला लागलेला माणूस परदेशातून विनापरवाना आलेला निघाला तर त्याच्यावर वेगळी कारवाई होते, १ सप्टेंबर २०२५ पासून त्याला नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू आहे. पण खोटे कागद पुरवणारा ठेकेदारही सुटता कामा नये, तक्रारीत त्याचं नाव माहीत असेल तर नक्की लिहा.