जुनी गाडी ऑइल खाते, दावा कशाचा करायचा?

प्रश्न: जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून मी दोन महिन्यांपूर्वी १,६०,००० किलोमीटर चाललेली पेट्रोल गाडी घरच्या वापरासाठी घेतली. 'इंजिन ठणठणीत, ऑइलचा काही त्रास नाही,' असा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे. आता दर ७०० किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतं आणि मागून निळसर धूर येतो. तो म्हणतो, गाडी जुनी आहे आणि 'जशी आहे तशी' घेतल्याच्या कागदावर तुमची सही आहे. मला काही करता येईल का?

उत्तर: करता येईल. पण गाडी ऑइल खाते, एवढ्यावर तक्रार टिकणार नाही. या वयात पिस्टनच्या रिंगा झिजतात किंवा कार्बनने अडकतात, व्हॉल्व्हची सीलं कडक होतात आणि ऑइल जळतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला लिटरभर खपही चालण्याजोगा धरलेला असतो. समोरचा वकील ते पान नक्की दाखवेल. तुमची तक्रार अशी हवी की, विकणाऱ्याला दोष माहीत होता आणि तरी त्याने उलट सांगितलं.

त्या कागदाने खचून जाऊ नका. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६२ प्रमाणे गर्भित हमी (न लिहिता कायद्याने धरली जाणारी हमी) कराराने वगळता येते, म्हणून कागद अगदी निरुपयोगी नाही. फसवणुकीवर मात्र त्याने पांघरूण घालता येत नाही. करार कायद्याच्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही, पण तुमचा व्यापारी गप्प कुठे राहिला? त्याने लिहून पाठवलं. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'गाडी चालवून पाहिली होती ना?' असंही तो विचारेल. अर्ध्या तासाच्या फेरीत ऑइलचा खप कळत नाही, त्याला शेकडो किलोमीटर जावे लागतात, हे त्यावर तुमचं उत्तर.

त्याला माहीत होतं हे दाखवणं सर्वांत अवघड. विकण्याआधी जाड ऑइल भरून धूर काही दिवस दाबता येतो, पण तुम्ही वरून ऑइल घातल्यामुळे आता ऑइलच्या नमुन्यातून फारसं हाती लागणार नाही. त्यापेक्षा आधीच्या मालकाला गाठा. गाडी का विकली आणि व्यापाऱ्याला काय सांगितलं होतं, हे त्यांना विचारा, आणि सर्व्हिसची जुनी जॉब कार्डं मिळतात का पाहा. अशा प्रकरणांत माझा सर्वाधिक भरवसा याच कागदांवर असतो.

दरम्यान इंजिन उघडू नका. एकदा खोललं की पुरावा गेला. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकचा आणि लगेच ओडोमीटरचा फोटो घ्या. घातलेल्या प्रत्येक ऑइलचं बिल जपा. हजार किलोमीटरची अशी नोंद झाली की कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणी (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो, हे पाहणारी) करून लेखी अहवाल घ्या. चाचणीला हजर राहा, असं व्यापाऱ्याला आधी लेखी कळवा.

आणि कृपा करून पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते नुकसान तुमच्याच माथी येईल. टाळता आलं असतं ते नुकसान कायदा भरून देत नाही. चांगल्या बाजूची माणसं इथेच हरलेली मी पाहिली आहेत.

मग स्पीड पोस्टने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि तिथे स्वतः बाजू मांडता येते. (गाडी थेट एखाद्या खासगी मालकाकडून घेतली असती, तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागली असती.)

दोन महिने वापरलेल्या गाडीची पूर्ण किंमत परत मागितली, तर प्रकरण रेंगाळेल. मी तुमच्या जागी असते तर इंजिन दुरुस्तीचा लेखी अंदाज आणि आजवरच्या ऑइलची बिलं जोडून तेवढी रक्कम मागितली असती.