मोबाइलवर स्ट्रीट फुटबॉल गेममध्ये ट्रिक्स सगळ्या जमतात तरी ऑनलाइन मॅच हरतो, काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे ओ. ट्रेनिंगमध्ये सगळ्या ट्रिक्स मस्त जमतात आणि ऑनलाइन गेलं की ५-१ ने मार खातो असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे बोटांचा प्रॉब्लेम नाहीये, बटण कधी दाबायचं तिथे गडबड आहे. माझे पहिले दोन-तीन महिने असेच गेलेत म्हणून खात्रीने सांगतोय.

मी काय करायचो, बॉल पायात आला रे आला की स्किलचं बटण. रेनबो फ्लिक (टाचेने बॉल डोक्यावरून उडवायचा), मग इलास्टिको (एकाच पायाने बॉल बाहेर ढकलून झटक्यात आत ओढायचा), मग परत रेनबो फ्लिक. समोरचा डिफेंडर आपला गप उभा, माझा प्लेयर त्याच्यापुढे नाचतोय, आणि नाच संपला की तो नुसता एक पाय पुढे टाकून बॉल घेऊन चालता व्हायचा. एकदा चुलतभाऊ शेजारी बसून बघत होता, तो म्हणाला "तू फसवतोयस कोणाला, तो तर हललाच नाही!" डोकं फिरलं माझं पण बोलला ते खरंच होतं. एक तर ट्रिकचं अ‍ॅनिमेशन सुरू झालं की बहुतेक गेममध्ये ते मधेच तोडता येत नाही, तेवढा वेळ तुमचा प्लेयर अडकतो, आणि जो जागचा हललाच नाही त्याला चकवणार कसं?

त्यामुळे बॉलकडे बघणं सोडा, डिफेंडरच्या पायांकडे बघा. बॉल मिळाला की जॉयस्टिकवरचा अंगठा अगदी हलका करा, थांबा, एक पाऊल डावीकडे, परत थांबा. समोरच्याला धीर नसतो हो, दोन सेकंदांत तो टॅकलचं बटण दाबतोच. त्याचा पाय पुढे आला, अंग झुकलं, की त्या क्षणी साधी एक ट्रिक, आणि तीसुद्धा त्याच्या झुकलेल्या बाजूच्या उलट. दोन पायांमधून बॉल काढायचाय तरी हेच, पाय फाकल्याशिवाय मधे जागा कुठून येणार. (खऱ्या स्ट्रीट फुटबॉलमध्ये याला पन्ना म्हणतात, आणि पन्ना नॉकआउटमध्ये पायांमधून बॉल काढून परत ताब्यात घेतला की मॅच तिथल्या तिथे खलास, गोल कितीही असोत.)

ट्रिक्सची ही खोड आपल्याला जुन्या गेम्सनी लावली असं मला वाटतं. २००५ च्या पहिल्या फिफा स्ट्रीटमध्ये ट्रिक्स मारून गेमब्रेकरचा बार भरायचा आणि मग तो खतरनाक शॉट मारायचा, म्हणजे नाचण्याचे पैसे वसूल व्हायचे. २०१२ ची फिफा स्ट्रीट आली, पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, त्यात तो बार काढून टाकला आणि उलट बॉल तळव्याखाली धरून डिफेंडरसमोर उभं राहायची सोय दिली. गेम बनवणाऱ्यांनाही कळलं असणार की वाट बघण्यातच मजा आहे. तुमच्या गेममध्ये ट्रिकला पॉइंट्स किंवा पॉवर मिळत असेल तर थोडं नाचा, पण भिंतीजवळ, स्वतःच्या गोलसमोर अजिबात नको.

भिंतीवरून आठवलं, भिंत असलेलं मैदान असेल तर ती फुकटची टीममेट आहे. डिफेंडर अंगावर आला की तिरका पास भिंतीवर, बॉल ज्या कोनात जातो साधारण त्याच कोनात परत येतो, तुम्ही फक्त त्याच्या मागून पळायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा बॉल भलतीकडे जाईल, जाऊदे.

आणि लांबून शॉट मारणं बंद करा प्लीज. मोठ्या फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद असतो, फुटसालचा (पाच-पाच जणांचं छोट्या मैदानावरचं फुटबॉल) फक्त ३ मीटर, या गेम्समधले गोलही तसेच छोटे असतात आणि कीपरने नुसते हातपाय पसरले तरी अर्धं दार बंद. माझे निम्म्याहून जास्त गोल एकाच पद्धतीचे आहेत, कीपरला एका बाजूला ओढायचं आणि दुसऱ्या पोस्टजवळ उभ्या असलेल्याला आडवा पास. दिसायला भिकार गोल असतो पण स्कोअरबोर्डवर १ च लागतो.

फोनचंही थोडं बघा. सेटिंगमध्ये जॉयस्टिक फिक्स आणि फ्लोटिंग असे दोन ऑप्शन असतील तर फ्लोटिंग घ्या (अंगठा टेकवाल तिथे जॉयस्टिक येते), घामाने अंगठा घसरून प्लेयर उलटा पळायचा तो माझा प्रकार त्यानेच थांबला. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण तो चालू असला की बऱ्याच फोनवर सेकंदाला ६० चे ३० फ्रेम्स होतात, म्हणजे १६-१७ मिलिसेकंदांऐवजी ३३ मिलिसेकंदांनी नवीन चित्र दिसतं, आणि वर पिंग (नेटमुळे होणारा उशीर) १५०-२०० मिलिसेकंद असेल तर डिफेंडरचा पाय तुम्हाला दिसेपर्यंत बॉल गेलेला असतो. अशा दिवशी मी ट्रिकच्या नादाला लागतच नाही, दोन टचमध्ये पास देऊन मोकळा.

एक करून बघा, पुढच्या दहा मॅच स्किलच्या बटणाला हातच लावायचा नाही, नुसते पास आणि थांबणं. पहिल्या तीन-चार हराल, बोअर पण होईल. अकरावीला एकच ट्रिक घ्या, मी बॉडी फेंट (अंग एकीकडे झुकवून दुसरीकडे निघायचं) घेतली होती, अजून तीच चालवतोय.