वडिलांच्या हृदयाचं पंपिंग (रक्त बाहेर ढकलण्याची ताकद) 30 टक्के असताना बायपासआधी डोब्युटामाइन स्ट्रेस इको करून काही कळतं का?

कळतं, बऱ्याच अंशी. डोब्युटामाइन हे हृदय जोरात चालवणारं औषध, ते देत देत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. पण "हृदयाचा भाग मेलाच आहे, मग टेस्टवर पैसे कशाला, असं घरचे म्हणतात" हे तुम्ही लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही.

आमचे अण्णा गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. करवीर तालुक्यात घरचं गुऱ्हाळ. हंगामात छातीत दुखलं ते पित्त म्हणून अंगावर काढलं, तो अटॅक निघाला. साध्या इकोत हृदयाची पुढची भिंत हलतच नव्हती. थोरले चुलते भरल्या घरात म्हणाले, "मेलेल्या भागाला रक्त देऊन काय करायचं? गोळ्या चालू ठेवा की." मी तिथंच भांडलो. हलत नाही म्हणजे मेलं, हे ठरवणारे ते कोण? रक्त कमी पडलं की स्नायू काम थांबवून नुसता जीव धरून राहू शकतो. डॉक्टर त्याला हायबरनेटिंग म्हणतात.

टेस्ट कोल्हापुरात राजारामपुरीत झाली. औषध शिरेतून थोडं थोडं सोडतात, सुरुवातीला किलोमागे मिनिटाला 5 ते 10 मायक्रोग्रॅम. तेवढ्यावरच ती भिंत हलायला लागली. मी पडद्याकडे बघत होतो, चुलते बाहेर बाकड्यावर. डोस वाढवल्यावर ती पुन्हा थंडावली. आधी सुधारणा आणि मग बिघाड, हीच रक्त पोचवल्यावर भिंत सुधारण्याची सगळ्यांत भरवशाची खूण. भिंत 6 मिलिमीटरपेक्षा पातळ आणि औषधालाही दाद देत नसेल तर आशा कमी.

बायपास झाली. पंपिंग लगेच वाढलं नाही, त्याला महिने लागतात. पुढच्या हंगामात अण्णा काहिलीपाशी उभे राहून जळव्यावर, म्हणजे चुलीत जाळ घालणाऱ्यावर, ओरडत होते आणि चुलते शेजारीच बसून गरम गूळ खात होते. एक शब्द बोलले नाहीत.

आता हेही ऐका. भिंत सुधारणं वेगळं, आयुष्य वाढणं वेगळं. स्टिच नावाच्या अभ्यासात 2011 साली दिसलं की बायपासने कोणाचं आयुष्य वाढेल हे अशा टेस्टवरून निवडता आलं नाही. त्याच अभ्यासाच्या 2016 च्या दहा वर्षांच्या निकालात मात्र बायपासवाल्यांत नुसत्या गोळ्यांवाल्यांपेक्षा मृत्यू कमी होते. म्हणून टेस्ट खराब आली एवढ्यावर ऑपरेशन नाकारू नका. अँजिओप्लास्टीचं तसं नाही, 2022 च्या रिवाइव्ह्ड अभ्यासात जिवंत स्नायू असूनही गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तुमच्या वडिलांना दोन्हींपैकी काय सुचवलंय ते विचारा. ठोके अनियमित पडत असतील तर टेस्टआधी सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि खर्चाचा विषय निघाला तर स्पष्ट बोला, ऑपरेशनच्या मानाने ही टेस्ट किरकोळ आहे. चुलत्यांना मी तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही सांगतो.