कपाटामागची ओल: आधी ठरवा, पाणी भिंतीतून येतंय की हवेतून

घोडबंदर रोडच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहायला बसलो. मायव्हान बांधकाम (अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या भिंती), सातवा मजला, दोन खोल्यांमधली भिंत, पलीकडे रात्रभर 20 वर एसी, अलीकडे भिंतीला चिकटून कपाट, आणि काळी बुरशी फक्त जुलै-ऑगस्टमध्ये. सोसायटीचा कंत्राटदार म्हणतोय वरून गळती आहे. फोटो आणि वर्णनावरूनच सांगतोय, पण माझ्या मते ही हवेतली वाफ आहे.

हिशेब असा. 30 अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांच्या हवेत 17. पावसाळी वारे अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतात. खोलीत 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 27 च्या आसपास येतो. त्याहून थंड जे काही असेल त्यावर पाणी सुटणारच. मायव्हानमध्ये आतली भिंतही सलग काँक्रीटची, बऱ्याचदा फक्त 100 मिलिमीटर जाड. पलीकडे एसी 20 वर असेल तर तुमच्या बाजूचा पृष्ठभाग 26 पर्यंत उतरतो. कपाटामागे त्याहून खाली, कारण खोलीची ऊब तिथे पोचत नाही, वाफ मात्र फटीतून पोचते. मलंगगडाचा माथा ढगात जातो तेव्हाही हेच घडतं: वारा डोंगरावर चढतो, थंड होतो, दवबिंदूच्या खाली गेला की वाफेचे थेंब होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंत्राटदार भिंतीला ओलावा मोजायचं यंत्र टेकवतो, आकडा दाखवतो आणि वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देतो. भिंत ओली आहे एवढंच ते यंत्र सांगतं, पाणी कुठून आलं ते नाही. आमचे सर्वात जास्त पैसे याच आकड्यावर विश्वास ठेवून गेले आणि पुढच्या जुलैत डाग तिथेच होते. म्हणून लेखी कारण मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

त्याआधी फॉइलची चाचणी करा. कपाट सरकवा, भिंत पुसून हेअर ड्रायरने पूर्ण कोरडी करा. ही पायरी गाळली तर आधीचीच ओल फॉइलमागे अडकते आणि निकाल चुकतो. मग एक फूट लांब-रुंद अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा आणि पलीकडचा एसी रोजच्यासारखा चालू ठेवून दोन रात्री थांबा. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर पाणी हवेतलं. फॉइलच्या मागे, भिंतीकडे ओल असेल तर गळतीचा संशय खरा धरा आणि वरच्या बाथरूमचा सांधा तपासून घ्या. पांढरे क्षार फुटले असतील किंवा एसी बंद असतानाही डाग वाढत असेल तरी गळतीच समजा.

पाणी हवेतलंच निघालं तर एसी 26 वर आणा. तेवढ्याने भिंत 28 अंशांच्या वर राहते आणि दव धरत नाही. कपाट चार इंच पुढे ओढा. त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, हे मी हट्टाने सांगतो. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत सुमारे दोन लिटर पाणी उरतं आणि दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा एक लिटरही वाफ धरू शकत नाही. उरलेलं भिंतीवरच जाणार. ‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा’ हा सल्ला जुलैत अर्धाच खरा आहे, कारण बाहेरची हवा आतल्याहून दमट असू शकते. डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि आत-बाहेरचं तापमान सारखंच असेल तर आतला आकडा जास्त असतानाच खिडकी उघडा.

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, कण घरभर उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर टॉयलेट क्लीनर त्यात अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही. काँक्रीट फुगलं असेल किंवा गंजाचे तपकिरी ओघळ दिसत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि कंत्राटाशी संबंध नसलेल्या इंजिनिअरला बोलवा.