इंग्रजी कच्चं आहे, तरी स्पॅनिश शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की, न यायला काय झालं. मी अहमदपूरकडचा, दहावीपर्यंत झेडपीची शाळा, इंग्रजीचा तास म्हणलं की पोटात गोळा यायचा, आणि आज पुण्यात स्पॅनिशवरच पोट भरायलोय. आधी इंग्रजी पक्कं करू का म्हणून विचारलंय तुम्ही, तर तसलं काही करू नका, सरळ मराठीतून शिका.

क्लासमध्ये 'मे गुस्ता' आलं त्या दिवशीचं सांगतो. मॅडम इंग्रजीतून समजावायल्या, 'आय लाईक' वगैरे, आणि कॉन्व्हेंटची पोरं डोकं खाजवायली, की आवडतंय मला अन् क्रियापद आंब्याच्या मागं कसं काय जायलंय. मी म्हणलं हे तर आपलंच आहे! मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. मे म्हणजे मला. झालं.

कर्ता पण गाळता येतो, 'लातूरला चाललो' म्हणताना आपण 'मी' कुठं लावतो? तसं आब्लो म्हणजे बोलतो, आब्लास म्हणजे बोलतोस. तू ला तर तिकडं पण तूच म्हणतात, अन् मानानं बोलायचं तर उस्तेद. आपल्या 'जेवायलोय'ला पुण्यात हसतात ना, त्याला पण वेगळं रूप आहे, एस्तोय कोमिएंदो.

लिंगाला मात्र मराठीचा अंदाज लावू नका. आपली तीन, त्यांची दोनच, एल आणि ला. घर तिकडं स्त्रीलिंगी, ला कासा, पुस्तक पुल्लिंगी, एल लिब्रो. शेवटी ओ आला की पुल्लिंगी अन् आ आला की स्त्रीलिंगी हे बऱ्याचदा चालतं, पण हात ला मानो आणि दिवस एल दिया, त्यामुळं शब्द एल-ला सकटच पाठ करा. विशेषण बदलायची तर आपल्याला सवयच आहे, काळा वळू काळी गाय, तोरो नेग्रो वाका नेग्रा.

खरी डोकेदुखी म्हणजे 'आहे'. आपला एक, त्यांचे दोन, सेर आणि एस्तार. मूळचं कसंय ते सेरनं, आत्ता कसंय ते एस्तारनं, असं ढोबळ धरा. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला बाईंनी विचारलं, तयार आहात का? मी छाती काढून म्हणलं, 'सोय लिस्तो'. म्हणजे मी लई हुशार आहे! 'एस्तोय लिस्तो' म्हणायचं होतं. नोकरी गेली, पण सोय अन् एस्तोय जन्मात विसरणार नाही.

शब्दांचं एवढं टेन्शन नको. आपला पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणं. पाव पण तिकडूनच, स्पॅनिशमध्ये त्याला पान म्हणतात.

उच्चार वहीत देवनागरीतच लिहा, त अन् द आपलेच आहेत, इंग्रजीसारखे ट-ड करू नका. एच लिहायचा, बोलायचा नाही. आणि वय सांगताना तेवढं जपा, वीस वर्षं म्हणजे 'तेंगो बेइंते आन्योस', त्यातल्या 'न्यो'चा नुसता 'नो' झाला तर शरीराचा भलताच भाग निघतो, कुठला ते इथं लिहीत नाही.