मुलांच्या संस्थेत वाढलो, तिथे छळ झाला. आता चाळिशीत तिथली माझी फाइल मागवू का? आणि हे सगळं विसरायचं कसं?

मागवा, पण आज नको. आधी तुमच्या आठवणी तुमच्या हाताने कागदावर उतरवा, मग अर्ज करा. या क्रमावरून माझं अनेकांशी वाजलंय. “आधी फाइल बघा, म्हणजे नक्की काय झालं ते कळेल,” असं सांगणारे समुपदेशकही आहेत. अहो, नक्की काय झालं ते फाइलमध्ये नसतंच! तुम्ही ज्यांच्या ताब्यात होता, त्यांना वरच्यांना जे दाखवायचं होतं ते तिच्यात असतं. शिवाय एकदा ती वाचली की आठवलेलं आणि वाचलेलं यांची सरमिसळ होते. उद्या तक्रार केलीत तर समोरचा वकील नेमकं हेच धरणार: हे आठवतंय, की वाचलंत?

लिहिताना तारखांच्या मागे लागू नका. खुणा धरा: कितवीत होता, खाट दारापासून कितवी, शेजारी कोण, पुढचा दात पडला होता का, अंगात स्वेटर होता का. प्रत्येक गोष्टीपुढे नोंदवा: स्वतः अनुभवलं, ऐकलं, की नुसतं वाटतं. खाडाखोड करू नका. चूक लक्षात आली तर खाली त्या दिवसाची तारीख घालून लिहा, जुनं तसंच राहू द्या. बरोबर वाढलेल्या मित्रांशी बोलायच्या आधी हे उरका. नाहीतर दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात आणि दोघांचेही जबाब कच्चे पडतात.

अर्जात “माझी फाइल द्या” एवढंच लिहिलं तर सारांशावर बोळवण होऊ शकते. एकेक कागद नावानिशी मागा: प्रवेश नोंदवही, रोजच्या नोंदी, औषधोपचाराचे कागद, शिक्षेची नोंदवही, भेटीला आलेल्यांची नोंदवही, कर्मचाऱ्यांची हजेरी, फोटो आणि तुमच्या नावाने आलेली पत्रं. हो, पत्रं! मुलाच्या हाती न देता फाइलला लावून ठेवलेली सापडतात. तेव्हाचं नाव आणि आडनावाची सगळी रूपं लिहा. संस्था बंद झाली असेल तर ती चालवणारं मंडळ, सरकारी खातं, अभिलेखागार अशा क्रमाने विचारा. इतरांची नावं काळी करून देतील. कारण लेखी मागा.

आता वाचायचं कसं. समजा नोंद आहे: “रात्री अंथरूण ओलं केलं. समज दिली.” कोणी दिली, कशाने दिली? वाक्यात माणूसच नाही. खाली सही कोणाची ते बघा, मग औषधोपचाराच्या कागदावर पुढचे तीन दिवस काढा. तिथे “जिन्यावरून पडला” असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवा. “पळून गेला, परत आणला” यात का पळाला ते बहुधा नसतं, पण त्या रात्री पाळी कोणाची होती ते हजेरीत मिळतं. पळण्याच्या तारखा एकाच माणसाच्या पाळीवर येतात का, ते तपासा. “खोटं बोलतो” असा शेरा अचानक सुरू झाला असेल तर त्याच्या आधीचा आठवडा नीट वाचा. मुलाने कोणाला तरी काहीतरी सांगितलेलं असू शकतं.

दिवसा वाचा, एका बैठकीत दहा-पंधरा पानं, घरात कोणीतरी असताना. एक प्रत कोरी ठेवा, खुणा दुसरीवर करा.

विसरण्याचं म्हणाल, तर तो नाद सोडा. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांवर ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या चौकशी आयोगाचा, रॉयल कमिशनचा, अहवाल २०१७ मध्ये आला. संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार झालेल्या ज्या लोकांनी त्यांच्यासमोर खाजगीत कैफियत मांडली, त्यांना ही गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. त्यामुळे “इतकी वर्षं गप्प का बसलास” या प्रश्नाला उत्तर देणं लागत नाही. “माफ करून टाक” म्हणणाऱ्यांनाही नाही.

चाव्यांचा किंवा पावलांचा आवाज आला आणि तुम्ही पुन्हा तिथे पोचलात, तर डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा सल्ला निदान तेव्हा तरी ऐकू नका. डोळे मिटले की अनेकांना तीच खोली दिसते. डोळे उघडे, तळपाय जमिनीवर दाबलेले, आजची तारीख आणि स्वतःचं वय मोठ्याने बोला. उपचारांत आघातकेंद्री सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलून केलेली उपचारपद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणींवर काम करायची पद्धत) या दोन्हींना संशोधनाचा चांगला आधार आहे. ८ ते १२ बैठका हा साधारणपणे एकाच आघाताचा हिशेब. वर्षानुवर्षांच्या छळाला जास्त लागतात.

भरपाई मिळत असेल तर सहीआधी गुप्ततेचं कलम वाचा. संस्थांमध्ये छळ झालेल्यांना भरपाई देणाऱ्या आयर्लंडच्या २००२ च्या कायद्यात अर्जाची, कोणाची किंवा संस्थेची ओळख पटेल अशी माहिती जाहीर करायलाच मनाई होती.

आणि हे खरं तर वर लिहायला हवं होतं: जीव द्यायचे विचार येत असतील किंवा दारू वाढली असेल तर फाइल थांबू दे, आधी डॉक्टर. आणि तो माणूस आजही मुलांमध्ये वावरत असेल तर वही, अर्ज, माझा क्रम सगळं बाजूला ठेवा. जेवढं आठवतंय तेवढ्यावर आजच तक्रार द्या.